तुम्ही विचारलंत म्हणून: पांढऱ्या उंदरांबद्दल

"तुला स्वतःला अल्बिनिझम, तरी पांढऱ्या उंदरांना पाण्यात सोडायचं काम चार वर्षं कसं केलंस?" रबाळ्याच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून तीन वर्षं झाली, कळव्यात हळदीकुंकवालासुद्धा हाच प्रश्न. आज एकदाच लिहून टाकते.

आधी हे: मला कोड नाही. कोडात असलेला रंग जातो. माझ्यात तो जन्मापासून तयारच होत नाही, कारण तो रंग बनवणारं टायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) बिघडलेलं आहे. त्या उंदरांतही तेच. मेलॅनिन, म्हणजे हाच रंग, नसला की डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारे जे काही तंतू मेंदूच्या त्याच बाजूला राहायला हवेत, तेही पलीकडच्या बाजूला जातात. हे १९६५ मध्ये पांढऱ्या उंदरांत दिसलं, माणसांत नंतर. दोन डोळ्यांनी मिळून मला अंतराचा अंदाज नीट का येत नाही, याचं उत्तर त्या उंदरांकडूनही आलंय. त्यांचा कळवळा मला शिकवू नका.

काम नैराश्यावरच्या औषधांचं होतं. पोर्सोल्ट या संशोधकाची १९७७ ची चाचणी: काचेचं उंच भांडं, पाणी, पहिल्या दिवशी १५ मिनिटं, दुसऱ्या दिवशी ५. उंदीर पोहायचा थांबून नुसता तरंगतो, ते सेकंद मोजायचे. औषधाने ते कमी झाले तर औषधात दम आहे असं धरायचं.

एका दुपारी मी अशीच भांड्याला नाक लावून बसले होते. माझे डोळे सतत हलतात, मान उजवीकडे कलती केली की थोडे थांबतात. उंदीर तरंगत माझ्याकडे वळला. वर ट्यूबलाइटचा झगझगीत उजेड. मी डोळे मिचकावत होते, आणि तेव्हा लक्षात आलं की हा उजेड त्यालाही माझ्याइतकाच बोचत असणार. दिवे मंद करा असं मी माझ्यासाठी दोनदा मागितलं होतं. त्याच्यासाठी एकदाही नाही. या विचारात स्टॉपवॉच दाबायचं राहिलं.

मी अंदाजाने आकडा लिहिला. १४३.

उंदराला फडक्यात घेऊन पुसलं, पिंजऱ्यात ठेवलं. तो माझ्याकडे तोंड करून डोकं डावी-उजवीकडे डोलवत राहिला. नजर अधू असल्यामुळे अंतराचा अदमास घ्यायला ते असं करतात. रात्रभर झोपले नाही. सकाळी मॅडमना खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्याची नोंद तेवढी वगळली. बाकीच्यांबरोबर तोही मारला गेला, आणि त्याचा आकडा कुठेच धरला गेला नाही.

म्हणून नोकरी सोडली का? सोडली आठ महिन्यांनी. कारण हेच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

चोवीसाव्या वर्षी मी अहवालात बिनधास्त लिहायचे, तरंगणं म्हणजे हताशा. आज वाटतं, बाहेर जायची वाट नाही हे कळल्यावर तो ताकद वाचवत असेल. शिवाय त्याच्यावर औषध एका दिवसात दिसतं, आणि माझ्या आईला सहा आठवडे लागले. वर्षभर अंथरुणाला खिळलेली आई सहाव्या आठवड्यात उठून चहा टाकायला गेली. ती गोळीही याच चाचणीतून गेलेली.

तेव्हाची मी लगेच विचारेल, मग आईची गोळी बंद करशील? नाही करणार. त्या खोलीत पुन्हा जाशील? तेही नाही. या दोन उत्तरांचा मेळ बसत नाही, हे मला तुमच्याआधीपासून ठाऊक आहे.