मागून धडक बसली, मान आखडली: पट्टा किती दिवस?

उसाचा हंगाम सुरू झाला की बीड-परळीच्या रस्त्यांवर ट्रॉल्यांची रांग लागते. अंधारात मागचा दिवा नसलेली ट्रॉली अचानक दिसते, पुढचा करकचून ब्रेक मारतो आणि मागची गाडी येऊन आदळते. सीटसोबत धड पुढं ढकललं जातं, डोकं क्षणभर मागंच राहतं, मग हिसक्यानं पुढं येतं. त्या दिवशी फारसं दुखत नाही. दुसऱ्या दिवशी मान वळत नाही.

मग कुणी सलूनमध्ये मान मोडून घेतं. हे कधीच करू नका. हिसका बसला तर मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडं जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते.

वय ६५ च्या पुढं असेल, हातापायाला मुंग्या येत असतील, हातातली ताकद कमी वाटत असेल, मणक्यावर मधोमध दाबल्यावर कळ येत असेल, गाडी उलटली असेल किंवा मान दोन्हीकडं ४५ अंश वळत नसेल, तर आधी दवाखाना.

तपासणीत हाड शाबूत निघालं की पट्ट्याची घाई नको. पट्टा लावून महिनाभर बसलं की स्नायू कमजोर होतात आणि मान आणखी आखडते. त्यापेक्षा जागेपणी दर तासाला मान डावी-उजवीकडं सावकाश १०-१० वेळा वळवा, ताण जाणवेल तिथपर्यंतच.

दुखरी जागा बहुतेक जण खांद्यावरच शोधतात. कानामागून हासळीच्या हाडाकडं तिरका येणारा स्नायू मात्र सुटतो. उशीवरून डोकं उचलताना कळ येते ती बरेचदा त्याचीच. म्हणून उठताना आधी कुशीवर वळा, हाताचा आधार घ्या. हा तिरका स्नायू दाबून चोळू नका, त्याच्या खालूनच मेंदूकडं जाणारी मोठी रक्तवाहिनी जाते. शेक द्यायचा तर मानेच्या मागं, गरम पाण्यात पिळलेल्या टॉवेलनं, १५ मिनिटं.

दुखणं थोडं उतरलं की उताणं झोपून, डोक्याखाली टॉवेलची घडी ठेवून, 'हो' म्हणावं तशी हनुवटी जराशी खाली घ्या. १० सेकंद धरा, १० वेळा करा. इथं जवळजवळ सगळेच जोर लावतात. गळ्याच्या बाजूला बोट ठेवून बघा, तोच तिरका स्नायू दोरीसारखा ताठ लागला तर जोर जास्त झाला. खोलवरच्या बारीक स्नायूंना काम मिळायला हवं, ते अगदी हलक्या हालचालीनंच मिळतं.

टँकर आला तरी मान मोकळी वळेपर्यंत डोक्यावर हंडा नको. दोन्ही हातात अर्ध्या-अर्ध्या बादल्या घ्या, खेपा वाढल्या तरी चालतील.