डॉडच्या वाटेने: डिसऑनर्डचे डीएलसी घ्यावेत का?

नोंद: नाइफ ऑफ डनवॉल पूर्ण, ब्रिगमोर विचेस सुरू

नाइफ ऑफ डनवॉल घोस्ट करून झाला. एकही खून नाही, एकदाही कोणाच्या नजरेत आलो नाही. ब्रिगमोर विचेसचं पहिलं मिशनही मागे पडलंय. दरम्यान बेस गेम, म्हणजे मूळ खेळ, नुकताच संपवलेली आपली धाकटी मंडळी एकच प्रश्न धरून बसली आहेत, की डीएलसीवर, म्हणजे मूळ खेळाला जोडून वेगळ्या मिळणाऱ्या भागांवर, पैसे घालायचे का. म्हणून या वेळच्या नोंदीत प्रगती आणि उत्तर दोन्ही एकत्र लिहितो.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. आर्केनचा डिसऑनर्ड ऑक्टोबर २०१२ मध्ये आला. त्यात आपण कॉर्वो असतो, महाराणीचा अंगरक्षक, तिच्याच खुनाचा आळ आलेला. त्यानंतर तीन मोठे डीएलसी आले: डिसेंबर २०१२ मध्ये डनवॉल सिटी ट्रायल्स, एप्रिल २०१३ मध्ये नाइफ ऑफ डनवॉल आणि ऑगस्ट २०१३ मध्ये ब्रिगमोर विचेस. शेवटच्या दोनांत आपण डॉड असतो, म्हणजे महाराणीला ज्याने प्रत्यक्ष मारलं तो. मला या दोनांबद्दलच बोलायचं आहे.

ट्रायल्स लगेच बाजूला काढतो. दहा आव्हानं आहेत, बहुतेक घड्याळ लावून मारामारी किंवा धावाधाव. बर्गलर आणि मिस्टरी फो ही दोन आपल्या कामाची. दुसऱ्यात तर धागेदोरे जुळवून मेजवानीतला नेमका माणूस ओळखायचा असतो, ते मला खरंच आवडलं. पण दोन आव्हानांसाठी वेगळे पैसे देऊ नका.

ब्लिंक

डॉड घ्यायचा तो ब्लिंकसाठी, म्हणजे एका जागेवरून क्षणात दुसऱ्या जागी पोचवणाऱ्या शक्तीसाठी. कॉर्वोचा ब्लिंक सगळ्यांच्या बोटांत बसलाय: बटण दाबून धरा, नेम धरा, सोडा. तुम्ही नेम धरत असता तेवढ्यात गार्ड वळतो, आणि वळला की संपलं. डॉडचा ब्लिंक वेगळा चालतो. तुम्ही हालचाल थांबवून नेम धरलात की काळ थांबतो. पाय हलला की काळ पुन्हा सुरू.

वाचायला एवढंसं वाटतं, पण खेळताना सगळं बदलतं. दुसऱ्या मिशनमधलं उदाहरण देतो. लीगल डिस्ट्रिक्टमध्ये बॅरिस्टर टिम्शच्या घराकडे वरच्या अंगाने सरकत होतो. खाली दोन गार्ड समोरासमोर येणार, मधे पडवीएवढी अंधारी जागा. काठावरून उडी घेतली, हवेतच चालण्याची बटणं सोडली आणि ब्लिंक धरला. सगळं थिजलं. एका गार्डचं पाऊल उचललेलं, दुसऱ्याची मान अर्धी वळलेली. मी निवांत पाहून घेतलं: अंधारी जागा कुठे संपते, कोणाची नजर कुठे आहे, समोरच्या सज्जावर पोचता येईल का. मग सोडला. दोघांच्या डोक्यावरून पार, सज्जावर, आणि खाली त्यांच्या गप्पा चालूच.

कॉर्वो असताना हेच मी अंदाजाने आणि क्विकसेव्हच्या भरवशावर करायचो. डॉडसोबत ते विचार करून होतं. घोस्ट खेळणाऱ्याला याहून मोठी भेट नाही. आणि खेळ सोपा होतो असंही नाही, कारण गार्डांची पेरणी जास्त दाट आहे, कॉर्वोची पझेशन डॉडकडे नाही, म्हणजे उंदराच्या अंगात शिरून फटीतून सटकणं बंद. जी शक्ती दिली आहे, तिच्याभोवती नकाशे पुन्हा विचार करून बांधलेत हे जागोजागी जाणवतं.

व्हॉइड गेझही चांगली जमली आहे. बेस गेममध्ये भिंतीपलीकडे पाहायला एक शक्ती आणि रून (ज्यांच्या बदल्यात शक्ती मिळतात त्या वस्तू) शोधायला हातात हृदय, अशी दोन कामं होती. इथे ती एकाच शक्तीत आलीत. समन असॅसिनवर मात्र एकही रून घालवला नाही. बोलावलेला साथीदार तलवार काढूनच येतो. खून न करणाऱ्याला त्याचा काय उपयोग? मारधाड करणाऱ्यांना ती शक्ती आवडते, हे मान्य.

तीन मिशन म्हणजे कमी नाहीत का?

नागपूरच्या महाल भागातल्या एका दोस्ताने फोनवर हेच विचारलं. "भाऊ, तीनच मिशन अन् वरून पैसे? काऊन घ्यायचं मंग?" त्याला दिलेलं उत्तर इथेही देतो.

नाइफमध्ये तीन मिशन, ब्रिगमोरमध्ये तीन. आले तेव्हा दोन्हीची किंमत दहा-दहा डॉलरच्या घरात होती. मारत सुटलात तर प्रत्येक डीएलसी एका संध्याकाळी संपेल. लपत, ऐकत, चिठ्ठ्या वाचत गेलात तर एकेक मिशन रात्र खाऊन टाकतं. पहिल्याच मिशनमधला रॉथवाइल्डचा कत्तलखाना घ्या. डनवॉल शहर देवमाशाच्या तेलावर चालतं हे बेस गेमभर आपण ऐकतो. इथे ते तेल कुठून येतं ते दाखवलंय. जिवंत देवमासा साखळ्यांना टांगलेला, करवती घेतलेले खाटीक, बाहेर संपावर गेलेले मजूर. त्या हॉलच्या वरच्या लोखंडी तुळयांवर मी कितीतरी वेळ नुसता बसून होतो. खालून येणारा देवमाशाचा आवाज हेडफोनमध्ये ऐकवत नाही. या जगाबद्दल बेस गेमने जे फक्त सांगितलं, ते या एका इमारतीने दाखवलं.

टिम्शचं मिशन रचनेच्या दृष्टीने सर्वांत उजवं. हा वकील प्लेगचं निमित्त पुढे करून लोकांची घरं बळकावतो. ज्या कायद्याने त्याने इतरांना रस्त्यावर आणलं त्याच कायद्यात त्यालाही अडकवता येतं, रक्ताचा थेंब न सांडता. तो मार्ग शोधण्यात जी मजा आहे ती मी इथे फोडणार नाही.

तिसरं मिशन थोडं खाली घसरतं. फ्लडेड डिस्ट्रिक्ट आपण बेस गेममध्ये पाहिलेला आहे. पण तिथे डॉडच्याच अड्ड्यावर ओव्हरसिअर, म्हणजे जादूविरोधी धर्मसैनिक, चालून आलेत आणि त्यांच्याकडे त्या संगीतपेट्या आहेत. पेटी वाजत असताना तुमची जादू चालत नाही. ब्लिंकची सवय लागलेल्या हातांना अचानक पायी, भिंतीला चिकटून, पाठी मोजत जावं लागतं. घोस्ट रनची खरी परीक्षा तिथे होते.

इथे नागपूरकरांसाठी एक कामाची गोष्ट. नवतपा चालू असताना कूलरची घरघर एवढी असते की पेटीचा दूरचा सूर आणि गार्डांचं पुटपुटणं, दोन्ही त्यात बुडतात. स्पीकरवर हा डीएलसी खेळूच नका. कान झाकणारे हेडफोन घ्या, सिताबर्डीत साधेही चालतील. लॅपटॉपची काळजी मात्र नको. खेळ अनरिअल इंजिन ३ वरचा आहे, जुन्या मशिनवरही बरा चालतो. फक्त फ्रेम रेटला मर्यादा घाला, नाहीतर दुपारच्या उन्हात पंखा विनाकारण ओरडत राहतो.

डॉड हा माणूस

कॉर्वो पहिल्या गेममध्ये तोंड उघडत नाही. डॉड बोलतो, आणि मायकेल मॅडसनचा तो खरखरीत, थकलेला आवाज कानात राहतो. महाराणीला मारल्यावर या माणसाच्या आत काहीतरी तुटलंय, आणि तुम्ही कसं खेळता त्यावर ते सावरायचं की आणखी चिघळायचं हे ठरतं. म्हणून मला डॉडचा घोस्ट रन कॉर्वोच्या घोस्ट रनपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. कॉर्वोने संयम पाळला तर तो चांगलाच माणूस होता. पण आयुष्यभर पैसे घेऊन गळे कापलेला माणूस जेव्हा गार्डच्या पाठीमागून काही न करता निघून जातो, तेव्हा त्या न केलेल्या वाराला वजन असतं. डॉडची साथीदार बिली लर्क हिच्यासोबतच्या शेवटच्या प्रसंगात मी कीबोर्डवरून हात उचलून घेतले होते. काय होतं ते लिहीत नाही.

पुढे डिसऑनर्ड २ खेळणार असाल तर हे दोन्ही जवळजवळ सक्तीचे धरा. नोव्हेंबर २०१६ मध्ये आलेला तो गेम डिलायला नावाची चेटकीण सिंहासन बळकावते तिथून सुरू होतो. ती कोण, कुठून आली, हे ब्रिगमोरशिवाय नीट कळत नाही. २०१७ च्या डेथ ऑफ दि आउटसायडरमध्ये तर आपण स्वतः बिली लर्क असतो.

ब्रिगमोर, आत्तापर्यंत

कोल्डरिज तुरुंगातून लिझी स्ट्राइडला बाहेर काढलं. कॉर्वो ज्या तुरुंगातून पळाला तोच हा, पण या वेळी आत शिरायचं असतं, आणि ओळखीच्या जागा उलट्या बाजूने दिसतात. मिशनआधी नाणी खर्चून फेवर विकत घेता येतात, म्हणजे आतल्या कोणाला तरी हाताशी धरणं. नाइफमध्ये हात आखडता घेतला असेल तर इथे मोकळा सोडा.

सध्या ड्रेपर्स वॉर्डमध्ये आहे, हॅटर्स आणि डेड ईल्स या दोन टोळ्यांच्या मधे. रस्ते अरुंद, छपरं जवळजवळ, डॉडसाठीच आखल्यासारखे. त्यापुढे चेटकिणींचा वाडा आणि तिथले ग्रेव्हहाउंड, ज्यांची कवटी फोडली नाही तर ते पुन्हा उठतात. घोस्ट रनमध्ये कवटीच्या वाटेला न जाता कसं निसटायचं याचा आराखडा वहीत काढून ठेवलाय; जमलं की नकाशासकट लिहीन.

तर उत्तर: घ्या, पण दोन्ही मिळून घ्या. एकटा नाइफ घेतलात तर गोष्ट मधेच तुटते. बेस गेम अजून घेतला नसेल तर डेफिनिटिव्ह एडिशन पाहा, त्यात ट्रायल्ससकट सगळं येतं आणि सेलमध्ये किंमत चांगली उतरते. नाइफचा सेव्ह पुसू नका. ब्रिगमोर सुरू होताना तो मागतो, आणि तुमच्या शक्ती व केऑस (तुम्ही किती रक्तपात केलात याची नोंद) तिथूनच पुढे येतात. नाइफ जसा खेळलात तसं डनवॉल तुम्हाला पुढे मिळतं.