एकच परिच्छेद कागदावर दोनदा आला

सराव परीक्षेत न पाहिलेल्या कवितेचं रसग्रहण होतं. विद्यार्थिनी जन्मापासून पूर्ण अंध. वाचन दांडगं, बोलायला लागली की ऐकत राहावं. ती सांगेल ते उत्तर लिहून देणारी लेखनिक तिच्या ओळखीची नव्हती, अक्षर मात्र सुरेख. उत्तरपत्रिका हातात आली तेव्हा दुसरा आणि चौथा परिच्छेद जवळपास एकच निघाले. तीच प्रतिमा, तेच विवेचन, शब्द तेवढे वेगळे. आणि आखणीच्या वेळी तिने सांगितलेला शेवटचा मुद्दा उत्तरात नव्हताच.

याला विसराळूपणा म्हणू नये. स्वतः लिहिणारा डोळस विद्यार्थी दर दोन-चार ओळींनी नकळत वर पाहून घेतो. इथे ती नजर मागून घ्यावी लागते: 'मागचा परिच्छेद वाचा.' मागायला संकोच वाटतो, वेळही जातो. शिवाय हाताने लिहिण्याचा वेग मिनिटाला १५-२० शब्द, बोलण्याचा शंभराच्या पुढे. लेखनिकाचा हात पहिलं वाक्य पुरं करीपर्यंत विद्यार्थिनीच्या मनात तिसरं येऊन गेलेलं असतं. मग 'हं, पुढे?' असा प्रश्न आला, की नेमकं कुठून पुढे, तेच कळत नाही.

म्हणून सरावाची पद्धत बदलली. आधी कच्च्या पानावर मुद्दे: जास्तीत जास्त पाच, प्रत्येकी दोन-तीन शब्द, सोबत कवितेच्या ओळीचा क्रमांक. परिच्छेद झाला की लेखनिकाने तो मुद्दा खोडायचा आणि उरलेले वाचून दाखवायचे. सांगताना सात-आठ शब्दांचे तुकडे. 'स्वल्पविराम', 'अवतरण सुरू', 'अवतरण बंद', 'नवा परिच्छेद' हे सगळं तोंडाने. लेखनिकाने 'पुढे?' म्हणायचंच नाही, लिहिलेले शेवटचे तीन शब्द म्हणायचे. या एका सवयीने बाकी सगळ्यांपेक्षा जास्त फरक पडला.

मुद्दे स्वतः ब्रेलमध्ये टिपायची मुभा असेल तर उत्तमच. पण ब्रेल पाटीवर, म्हणजे खाचांच्या चौकटीत कागद अडकवून, टोचताना कागदाच्या मागून, उजवीकडून डावीकडे लिहावं लागतं आणि वाचायला कागद काढून उलटावा लागतो. अधूनमधून चाचपायची सोय नाही. पर्किन्स ब्रेलरवर, म्हणजे ब्रेलच्या टंकयंत्रावर, ठिपक्यांचे उठाव वरच्या बाजूला येतात, लिहिलेलं लगेच बोटाखाली असतं. त्याचा खडखडाट मोठा, म्हणून खोली वेगळी हवी.

कविता तीनदा वाचून घ्यायची. पहिल्यांदा सलग. दुसऱ्यांदा क्रमांक, विरामचिन्हं आणि 'कडवं संपलं' यांसह. तिसऱ्यांदा विद्यार्थी मागेल तेवढ्याच ओळी. आवाज सपाट हवा. लेखनिकाने गळा भरून वाचलं तर अर्धं रसग्रहण त्यानेच केलं.

घरच्या अभ्यासातले घोटाळे वेगळे. पानांचे नुसते फोटो जोडून केलेल्या पीडीएफमध्ये स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, वाचायला मजकूरच सापडत नाही, आणि ओसीआर केलं, म्हणजे फोटोतली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेतली, तर जोडाक्षरं नि मात्रा तुटतात. कविता असेल तर ती सरळ टाइप करून द्यावी. लांब ओळ पडद्यावर दुमडली की खालच्या बाणाने वाचताना एकीच्या दोन होतात आणि ओळींचे क्रमांक चुकतात. अक्षर लहान करा किंवा समास कमी करा, म्हणजे ओळ अखंड राहते. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये विरामचिन्हांची पातळी 'सर्व' ठेवावी, नाहीतर स्वल्पविराम बोलला जात नाही. 'दिन' आणि 'दीन' कानाला सारखेच लागतात. अवतरणातले असे शब्द अक्षरागणिक किंवा ब्रेलमध्ये तपासलेले बरे.

अंध विद्यार्थ्याला दिलेला 'रंगावरचा प्रश्न सोडून दे' हा सल्ला मला अजिबात पटत नाही. रंग कोणत्या ओळीत येतो, कशाशेजारी येतो, पुढे बदलतो का, हे सगळं मजकुरातच असतं आणि उत्तर त्यावरच लिहायचं असतं.

तासाभराच्या पेपरची वाटणी साधारण अशी: वाचन १० मिनिटं, मुद्दे ८, सांगणं ३०, उरलेली १२ पुन्हा ऐकायला आणि दुरुस्त्यांना. तीस मिनिटांत साडेचारशे-सहाशे शब्द बसतात, त्याहून मोठं उत्तर आखायचंच नाही. सरावाला लेखनिक मात्र दर वेळी नवा घ्यावा. ओळखीचा लेखनिक राहिलेला स्वल्पविराम आपणहून घालतो, आणि तो घातला गेलाय हे विद्यार्थ्याला कळतही नाही.