चादरीवर करकोचा पक्का, जमिनीवर गुडघा कच्चा

मागच्या अपडेटमधली फुशारकी परत घ्यावी लागतेय. आमची फुटबॉलची पोरं आठ पदरी घडी केलेल्या सोलापुरी चादरीवर डोळे मिटून ३० सेकंद करकोचा धरायला, म्हणजे एका पायावर उभी राहायला लागली, म्हणून पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. मग मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर, समोर तीन मीटरवर लावून उड्यांचं स्लो-मोशन काढलं. एका पायावर उतरताना निम्म्याहून जास्त जणांचा गुडघा अंगठ्याच्या आत पडतोय!

उभं राहण्याच्या सरावाने उभं राहणं सुधारतं, उतरणं नाही. मऊ चादरीवर घोटा डुगडुगत, चुकत-सुधारत तोल धरतो. उडीत तेवढी सवड नसते. पाय टेकायच्या आधीच खुब्याचे स्नायू ताठ झालेले हवेत, नाहीतर मांडी आत वळते आणि गुडघा तिच्यामागे जातो.

त्यामुळे चादर आता फक्त वॉर्म-अपला. मुख्य काम 'स्टिक': अर्ध्या पावलाची उडी, एका पायावर उतरून ३ सेकंद पुतळा, प्रत्येक पायाला ५ उड्या, अशा दोन फेऱ्या. हात मोकळे, नजर गोलपोस्टवर. पायाकडे बघितलं की धड पुढे झुकतं आणि गणित फिसकटतं. पुतळा हलला तर ती उडी धरायची नाही. लागोपाठ तीन हलले तर अंतर कमी.

जास्त वेळ सूचनेनेच खाल्ला. "गुडघा बाहेर ठेव" म्हटलं की पोरं पाऊल बाहेरच्या कडेवर टाकतात, अंगठा उचलला जातो आणि घोटा मुरगळायची भीती. "उतरताना आवाज येऊ देऊ नकोस" एवढंच सांगितलं, तर गुडघा आणि खुबा आपोआप वाकले. टाचेचा 'धप्' गेला. चवडा आधी, टाच मागून अलगद.

सामानाचं म्हणाल तर महागडा बॅलन्स पॅड घेऊ नका. सोफ्याचा स्वस्त फोमही नको, तो लवकर बसतो. चादर फरशीवर सरकते, खाली रबरी मॅट हवीच, आणि चादरीवर उड्या अजिबात नाहीत. स्टिक मुरमावर घ्या. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, पाऊस झाला की तीच बुटांच्या स्टडला लोंबते.

पुढच्या आठवड्यात 'इलेव्हन प्लस किड्स'ची, म्हणजे लहान फुटबॉलपटूंच्या दुखापती टाळायला बनवलेल्या वॉर्म-अपची, वरची पातळी सुरू करायची होती. सात व्यायाम, प्रत्येकाच्या पाच पातळ्या, क्रम छानच आहे. पण हे लिहितानाच डोक्यात आलं: लंगडी! एका पायावर सलग उड्या, दिशा बदलणं, वाकून गडी बाद करणं, सगळं तिच्यात आहे. फक्त दोन नियम बदलायचे. शिट्टी वाजली की लंगडी घालणाऱ्याने जागीच ३ सेकंद स्टिक धरायची, आणि पाय ठरवणार प्रशिक्षक. नाहीतर प्रत्येकजण आवडता पायच काढतो. उजव्या पायाने किक मारणाऱ्याला मुद्दाम डावा पाय द्या, किक मारताना अंगाचा भार त्याच्यावरच असतो.

वरची पातळी मग पुढे ढकलली. ज्यांची उंची अचानक वाढलीय, त्यांना लंगडीतही सुरुवातीला शिट्टीचा नियम नको. लांबलेल्या पायांचा अंदाज अजून बसलेला नसतो. त्यांना अर्ध्या पावलाची स्टिकच चालू ठेवायची. क्लिप समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून काढा. धड पुढे झुकतंय का, हे समोरून नीट दिसत नाही.