फाट्यावरची पहिली पायरी

बेळगाव–वेंगुर्ला मार्गावर गाड्यांची वानवा आहे असे कोणी म्हणणार नाही. हिंडलगा, उचगाव फाटा आणि बाची मागे टाकले की शिनोळीपासून महाराष्ट्राची हद्द लागते, त्यामुळे या रस्त्याने वायव्य कर्नाटक परिवहनच्या बसही धावतात आणि चंदगडकडच्या एसटीही. वृद्ध आणि दिव्यांग प्रवाशांच्या सोयीच्या दृष्टीने या पट्ट्यातील बससेवेचा आराखडा करण्याचे काम आमच्याकडे होते. एका पावसाळी सकाळी मोजपट्टी घेऊन आम्ही अशाच एका फाट्यावर उभे होतो.

थांब्यावर साठीच्या एक मावशी होत्या. अर्धांगवायूने डावी बाजू लुळी पडली होती. आता काठीच्या आधाराने चालता येत होते आणि फिजिओथेरपीसाठी शहरातील सरकारी रुग्णालयात जायचे होते. पहिली आली ती एसटी, बऱ्यापैकी रिकामी. मावशी जागच्या हलल्या नाहीत. विचारल्यावर म्हणाल्या, "ह्यात आधार कार्ड चालत नाही बाळ, तिकीट पडतंय." कर्नाटकात 11 जून 2023 पासून स्त्रियांना मोफत प्रवास देणारी ‘शक्ती’ योजना राज्याच्या स्वतःच्या साध्या बसगाड्यांपुरती आहे, एसटीला ती लागू नाही. म्हणजे वेळापत्रकात दिसणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्या मावशींसारख्यांसाठी नसल्यातच जमा होत्या, आणि आराखड्यात त्या वेगळ्या रकान्यात मांडणे भाग होते.

दुसरी बस खच्चून भरलेली होती. लोक दाराशी धावून येऊ नयेत म्हणून चालकाने ती बरीच पुढे नेऊन थांबवली, आणि मावशी काठी टेकत निम्म्या वाटेवर पोहोचेपर्यंत ती निघूनही गेली. चालकाला दोष देणे सोपे आहे. पण थांबायची जागा रस्त्यावर कुठेच आखलेली नसेल, तर तो गर्दी टाळणार हे उघड आहे.

तिसरी बस समोरच थांबली, आणि खरी अडचण तेव्हा दिसली. डांबराचे थर चढत गेल्याने रस्ता उंच झाला होता आणि साइडपट्टी पावसाने खचली होती. बसची पहिली पायरी रस्त्यापासून 40 सेंटीमीटरवर. मावशी उभ्या होत्या तिथून ती 55 सेंटीमीटर भरली. दाराला धरायची दांडी एकाच बाजूला, चढताना उजव्या हाताला. कंडक्टरने काठी घेतली, मागून एका मुलीने आधार दिला आणि त्या कशाबशा वर गेल्या. "चढायला जमतंय, उतरायचं भ्या वाटतंय," असे त्या म्हणाल्या, म्हणून आम्हीही त्याच गाडीत बसलो. उतरताना तीच दांडी डाव्या, निकामी हाताकडे येते. त्यामुळे त्या पाठमोऱ्या उतरल्या, आणि उतरायच्या घाईतली सगळी गर्दी त्यांच्या तोंडासमोर दाटून उभी राहिली. दांडी दोन्ही बाजूंना हवी, एवढी साधी गोष्ट कोणत्याही प्रश्नावलीतून आमच्या हाती लागली नसती.

संध्याकाळच्या बैठकीत लो-फ्लोअर बसची सूचना आली. तिचा तळ रस्त्यापासून साधारण 400 मिलिमीटरवर असतो. शहरात ती उत्तम, पण गावातले गतिरोधक आणि तुटलेल्या कडा पाहता इथे ती टिकेल असे मला वाटले नाही. गाडी खाली आणण्यापेक्षा जमीन वर उचलणे स्वस्त. उतार एकास बारा ठेवायचा म्हटले, तर बसच्या मीटरभर उंच तळापर्यंत पोहोचायला बारा मीटरचा रॅम्प लागेल, आणि फाट्यावर तेवढी जागा नाही. रस्त्यापासून 20 सेंटीमीटर उंच कट्ट्याला मात्र 2.4 मीटर पुरतात आणि पहिली पायरी निम्म्यावर येते. चाकाच्या खुर्चीचा प्रश्न त्याने सुटत नाही, हे आराखड्यात स्पष्ट लिहिले. कट्ट्यासमोर बस थांबण्यासाठी पांढरी रेघ आणि दाराला दुसरी दांडी, या दोन सूचना त्याला जोडल्या.

पंचायतीच्या एका सदस्यांचा आक्षेप सगळ्यांत उपयोगी ठरला. "कट्टा बांधला की पहाटे भाजीच्या बुट्ट्या तिथंच येऊन बसणार बघा," ते म्हणाले. ते खरेच होते, आणि बुट्ट्या घेऊन जाणाऱ्या बायकांनाही चढायला तोच कट्टा लागणार होता. म्हणून आम्ही त्याची लांबी वाढवली, बुट्ट्यांसाठी मागच्या बाजूला जागा काढली आणि रॅम्प पुढच्या दाराच्या टोकाला घेतला.