‘पिक्सल फॉरमॅट नॉट ॲक्सिलरेटेड’: कार्ड बदलण्याआधी हे तपासा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांमध्ये डिझाइनच्या टेबलावर अजून इंटेलच्या जुन्या आय३-२१०० प्रोसेसरचे पीसी आहेत. जकार्डचं, म्हणजे विणीतल्या नक्षीचं, डिझाइन मागावर चढवण्याआधी स्क्रीनवर बघायला तेवढं मशीन पुरतं. अशाच एका पीसीवर विंडोज १० टाकलं आणि जावातला प्रिव्ह्यू प्रोग्रॅम ‘पिक्सल फॉरमॅट नॉट ॲक्सिलरेटेड’ म्हणून बंद पडायला लागला. पीसी पुरवणाऱ्याने मशीन न बघताच फोनवर सांगितलं, "ग्राफिक्स कार्ड टाका." त्या सल्ल्याचा राग अजून गेलेला नाही, कारण कार्डाचा काही संबंधच नव्हता.

या प्रोसेसरमध्ये एचडी २००० ग्राफिक्स आहे. विंडोजवर ते ओपनजीएल (प्रोग्रॅमने ग्राफिक्सकडून चित्र काढून घ्यायची पद्धत) ३.१ देतं आणि प्रोग्रॅमला २.१ पुरतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हर नीट होता, पिवळं चिन्ह नाही. ओपनजीएल एक्स्टेंशन्स व्ह्यूअरमध्येही इंटेलचं नाव आणि ३.१ दिसत होतं. फक्त जावालाच ड्रायव्हर मिळत नव्हता. सगळे इथेच अडकतात आणि ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसतात. त्याने काहीही होत नाही.

कारण असं: या पिढीच्या ग्राफिक्ससाठी विंडोज १० चा खास ड्रायव्हर निघालाच नाही, चालतो तो आधीच्या विंडोजच्या काळातला. ओपनजीएल सुरू होताना हा ड्रायव्हर विंडोजची आवृत्ती तपासतो. ज्या एक्झीच्या (प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या फाइलच्या) मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे तिच्या आतल्या माहितीच्या नोंदीत, ‘मला विंडोज १० माहीत आहे’ अशी नोंद नसते, तिला विंडोज जुनाच आकडा सांगतं आणि ड्रायव्हर खुशाल चालतो. नोंद असेल तर खरा आकडा कळतो, ड्रायव्हर तो ओळखत नाही आणि हात वर करतो. मग विंडोज स्वतःचं ‘जीडीआय जेनेरिक’ पुढे करतं, म्हणजे ओपनजीएल १.१. जावा ८ मध्ये ही नोंद अपडेट ६० पासून आली. अपडेट ५१ टाकलं की प्रोग्रॅम उघडतो. मात्र ते जुनं जावा फक्त या प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये ठेवा, सगळ्या पीसीला लावू नका. त्यात नंतरच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या नाहीत.

नवीनच जावा हवं असेल तर रिसोर्स हॅकर या एक्झी संपादित करणाऱ्या प्रोग्रॅमने एक्झीची प्रत उघडून मॅनिफेस्टमधली ‘८ई०एफ७ए१२’ ने सुरू होणारी सपोर्टेड ओएसची ओळ काढायची. जावा.एक्झी आणि जावाडब्ल्यू.एक्झी दोन्हींतून काढा. डबल क्लिकला सहसा दुसरी चालते, आणि पहिलीच बदलून "काही फरक नाही" म्हणणारे बरेच भेटतात. सी++ मधला प्रोग्रॅम असेल तर त्याच्याच एक्झीत हेच करायचं.

जीएलएफडब्ल्यू (ओपनजीएलची खिडकी उघडून देणारी लायब्ररी) वापरणाऱ्यांनी एररचा आकडा वाचावा. ६५५४२ म्हणजे ओपनजीएलच मिळालं नाही, वरचाच आजार. ६५५४३ म्हणजे मिळालं, पण मागितलेली आवृत्ती नाही. ३.३ मागणाऱ्या प्रोग्रॅमला या चिपवर विंडोजमध्ये हेच येणार. लिनक्सवर मात्र मेसा या मुक्त ग्राफिक्स लायब्ररीचा ड्रायव्हर याच चिपवर ३.३ देतो. तिथे ‘जीएलएक्सइन्फो -बी’ ही कमांड चालवून रेंडररच्या ओळीत एलएलव्हीएमपाइप दिसलं, तर काम प्रोसेसरवर चाललंय असं समजा.

हो, ही तपासणी रिमोट डेस्कटॉपवरून करू नका. तिथे धडधाकट मशीनवरही ‘जीडीआय जेनेरिक’ दिसू शकतं.

काहीच जमलं नाही तर विंडोजसाठीची मेसाची ओपनजीएल३२.डीएलएल, सोबतच्या डीएलएलसकट, एक्झीशेजारी ठेवा. ३२ आणि ६४ बिटची गल्लत नको. दोन कोअरवर चित्र फिरवताना अडखळतं, स्थिर डिझाइन बघायला चालतं.

प्रोग्रॅम उघडतो पण मध्येच स्क्रीन काळी होऊन परत येत असेल, तर तो प्रश्न वेगळा. ग्राफिक्सने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर रीसेट करतं. टॉवेलच्या कारखान्यात अशा वेळी आधी डबा उघडा. हिटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांवर रुईचा थर नमद्यासारखा बसलेला असतो, वरून फुंकर मारून निघत नाही. पंखा काढा, थर चिमट्याने उचला, मग ब्रश. हिटसिंक सुटला असेल तर पेस्ट नवीन लावा. सोलापूरच्या मे महिन्यापर्यंत हे काम ढकलू नका, मार्चमध्येच उरका.