११ नोव्हेंबर : बेंगॉलचे चाळीस गोळे

११ नोव्हेंबर, रात्री

पऱ्हाटीची वेचणी जोरात आहे, तूर फुलावर आली आहे. समुद्र इथून शेकडो कोस लांब. तरी आजच्या तारखेला पान लिहायचं ते लेफ्टनंट कमांडर विल्यम जोसेफ विल्सन यांच्यावरच.

विल्सन रॉयल इंडियन नेव्हल रिझर्व्हचे. हे राखीव दल व्यापारी जहाजांवर मुरलेल्या दर्यावर्दींचं, लढाई लागली की नौदलात हजर होणारं. इतर धंद्यांतून आलेल्या स्वयंसेवकांचं राखीव दल वेगळं. बाहीवर नजर टाकली की कळायचं: कायम नौदलवाल्यांची सोनेरी पट्टी सरळ, रिझर्व्हवाल्यांची दोन बारीक फितींच्या गुंफणीची, स्वयंसेवकांची नागमोडी.

१९४२ साली, दुसऱ्या महायुद्धात, आजच्याच तारखेला ही लढाई झाली तेव्हा विल्सन 'बेंगॉल'चे कप्तान होते. सुरुंग काढणारं हे जहाज हजार टनांच्याही आतलं. पुढच्या डेकवर एकच बारा पौंडी तोफ आणि तिचे जेमतेम ४० गोळे. 'ओंडिना' या डच तेलवाहू जहाजाला ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलहून हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटाकडे सोबत करत असताना कोकोस बेटांच्या नैऋत्येला तोफा बसवलेली दोन जपानी व्यापारी जहाजं दिसली, 'होकोकू मारू' आणि 'ऐकोकू मारू'. प्रत्येकी दहा हजार टनांवरची. त्यांच्या तोफेचा गोळा ३८ किलोचा, बेंगॉलचा सहा किलोलाही कमी.

विल्सननी ओंडिनाला निघून जायला सांगितलं आणि स्वतःचं नाक शत्रूकडे वळवलं. याला नुसतं धाडस म्हणणं मला पुरेसं वाटत नाही. लांबून मारा केला असता तर ते चाळीसही गोळे पाण्यातच गेले असते. तोंड समोर धरल्यावर जहाजाची रुंदी थोडीच दिसते, आणि तोफ पुढेच असल्याने काही गमवावंही लागत नाही. अंतर सारखं घटत राहिलं की शत्रूच्या तोफचीला प्रत्येक गोळ्याला नवं माप धरावं लागतं.

माप धरण्याची रीत मचाणावरून गोफण मारणाऱ्यासारखी: एक गोळा अलीकडे, एक पलीकडे, मग मधे. फरक एवढाच की इथे मचाणच हेलकावे खातं. तोफची एक क्षण चुकला की गोळा शेकडो मीटर लांब पडतो. अशा चुकांना ४० गोळ्यांत जागा फार थोडी.

ओंडिना मात्र पळाली नाही. तिच्याकडे एक चार इंची तोफ आणि ३२ गोळे होते. एक गोळा होकोकूच्या मागच्या भागात लागला, आग टॉर्पेडोंना भिडली आणि ते प्रचंड जहाज स्फोटात बुडालं. गोळा नेमका कुणाचा, यावर मतं वेगळी आहेत. व्यापारी जहाजावर तोफा बसवता येतात, चिलखत नाही. म्हणून एका गोळ्याने हे घडलं.

दारूगोळा संपत आला तेव्हा बेंगॉलने माघार घेतली आणि ती दिएगो गार्सियाला पोचली. मागे ओंडिनावर कप्तान विलेम हॉर्समन मारले गेले, दोन टॉर्पेडो बसले, होड्यांवर गोळीबार झाला. टाक्या रिकाम्या असल्याने जहाज तरंगत राहिलं. उरलेले खलाशी परत चढले आणि त्यांनी ते फ्रीमँटलला नेलं.

विल्सनना डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) हे शौर्यपदक मिळालं: पांढऱ्या मिन्याचा क्रूस, लाल फीत, कडेला निळी किनार. ते रास्तच होतं. पण बेंगॉलची गोष्ट सांगताना आपल्याकडे हॉर्समन यांचं नाव गळतं. निम्मी लढाई त्यांच्या माणसांनी लढली.